मूठ तुमच्याकडं

दामूने चाकू चंद्रकांताच्या हातात दिला. खाली नाही ठेवला, हातात दिला. पातं आपल्या चिमटीत धरून, मूठ तिच्याकडे करून, जरासं वाकून, आणि वर म्हणाला, "घ्या ताई. मूठ तुमच्याकडं. बेतानं हां, नवी धार हाय." दूधवाला येऊन गेला होता, गॅसवर चहा वर चढत होता, समोरच्या बिल्डिंगमधली बाई कठड्यावर उशा वाळत टाकत होती आणि एमआयडीसीकडून येणारा तो रोजचा आंबूस, औषधी वास गॅलरीत येऊन घरच्या माणसासारखा बसला होता. म्हणजे सगळं जिथल्या तिथे होतं. चंद्रकांताने चाकू घेतला, कारण कुणी काही पुढे केलं की हात आपोआप पुढे जातो, हाताला कुठे काय कळतं. घेतला आणि मग चिंचणीच्या किनाऱ्यावर ओहोटीत उभं राहिल्यावर टाचेखालची वाळू हळूच निघून जाते तसं काहीतरी तिच्या टाचांखालून निघून गेलं. चहा उतू गेला. तिने गॅस बंद केला, ओटा पुसला, फडकं पिळलं, आणि पुसलेला ओटा परत पुसला. 'ताई'चं तिला एवढं नव्हतं. या वर्षात ती ताई झाली होती, मावशी झाली होती, दवाखान्यातली सिस्टर झाली होती, एकदा तर सुपरवायझर साहेबसुद्धा झाली होती आणि त्याने तिच्याकडे अर्धा दिवस सुट्टी मागितली होती. तिने दिलीही होती. नावांचं काय, माणूस घरातल्या मांजरालाही दहा नावांनी हाक मारतो. पण चाकू त्याने तिच्या हातात कधी दिला नव्हता.

तिच्या माहेरी, चिंचणीला, धारेची वस्तू हातात द्यायची नाही अशी रीत. कोयता असो, सुरी असो, साधी कातर असो. खाली ठेवायची आणि दुसऱ्याने खालून उचलायची. हातात दिली की भांडण होतं. हे कुठलीही बाई सांगेल, त्यात नवल नाही. पण तिच्या आत्याने, जिचं सगळं आयुष्य बंदरावर घोळ आणि दाढा मासे कापण्यात गेलं, त्या रीतीला आपल्या पदरचं एक शेपूट जोडलं होतं. "परक्याला खुशाल हातात द्यावा," ती मासळीच्या पाटीवरून मान वर न करता सांगायची. "तुटायला आधी जुळलेलं पायजे ना." लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, कुंभवलीच्या भाड्याच्या खोलीत, दामूने कांदा कापायला म्हणून चाकू तिच्यापुढे धरला तेव्हा तिने दोन्ही हात पाठीमागे नेले होते. शाळेत छडी चुकवतात तसे. "खाली ठेवा," ती म्हणाली. त्याला आधी कळेचना. कळल्यावर तो एवढा हसला की पलीकडच्या खोलीतल्या बिहारी पोरांनी रेडिओ बारीक केला. "भांडायला चाकू कशाला लागतो, कांते? तुझं तोंड हाय की." पण ठेवला खाली. आणि मग तेव्हापासून कायम ठेवत आला. ठेवता ठेवता त्याची एक भाषाच होऊन बसली. टक् करून ठेवला तर साहेब रागात आहेत. फरशीवरून सरकवला तर मन कारखान्यात आहे. मूठ तिच्या बाजूला वळवून, आवाज न करता ठेवला तर माफी मागायची आहे पण तोंड उघडायचं नाही. पोराच्या, धर्मेशच्या बारशाला ज्याला बोलवायचं नाही असं ठरलं होतं त्यालाच बोलावल्यावर दोघं कितीतरी दिवस बोलत नव्हती. तेव्हा सुद्धा दोघांच्या मध्ये फरशीवर तो एक चाकू असायचा, आणि दोघांचं जे काय बोलणं व्हायचं ते त्याच्यावरून व्हायचं.

विसरला असेल, तिने स्वतःला सांगितलं. रीत विसरला असेल. चहा गाळताना सांगितलं, त्याला बशीत ओतून देताना सांगितलं. पालघरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की या दुखण्यात वरचं आधी जातं आणि खालचं मागाहून. कालचं जेवण आधी, लहानपणचं गाव सगळ्यात शेवटी. मग रीत तर लग्नानंतरची. ती त्याची नव्हतीच, तिची होती, वरून चढवलेली. भिंतीच्या रंगासारखी उडून गेली असेल. त्याने बटण लावणं सोडलं, मीठ आणि साखर सोडली, लिफ्टमध्ये कुठला आकडा दाबायचा ते सोडलं. त्यात ही एक रीत गेली. रीत विसरणं म्हणजे बाई विसरणं नव्हे. ती या वाक्याला धरून बसली. दामू गॅलरीत आपल्या सतरंजीच्या तुकड्यावर मांडी घालून बसला, मांडीशी लाकडी चौकटीत बसवलेला, धार लावायचा तेलाचा दगड, डाव्या हाताला गंज लागू नये म्हणून ग्रीसच्या कागदात गुंडाळलेले बाकीचे चाकू, आणि त्याने दुसरा उघडला. सर्र… सर्र… त्या आवाजाला एक चाल होती. पुढे जाताना लांब, मागे येताना हवेत. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं की कुणीतरी शांतपणे झोपलं आहे.

लोकांच्या नवऱ्यांना दारू असते, पत्ते असतात, दुसरी बाई असते. चंद्रकांताच्या नवऱ्याला चाकू होते. तरुणपणी तो चिंचणीत डाय कोरायच्या छोट्या कारखान्यात होता. दागिन्यांचे साचे पोलादात कोरायचे. दिवसभर डोळ्याला भिंग लावून मोराच्या पिसाऱ्यातलं एकेक पीस खोदायचं. तिथेच येता-जाता तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं. बाकीची पोरं रस्त्यावरच्या पोरींकडे बघायची आणि हा पोलादाकडे बघायचा, म्हणून हाच बरा असं तिने ठरवलं. आपल्या निवडीवर ती पुढे पुष्कळ वेळा हसली. मग तारापूरच्या कारखान्यात, टूलरूममध्ये नोकरी लागली. तिथे मशीनच्या करवतीचं तुटलेलं पातं मिळालं, त्याची त्याने पहिली सुरी केली, मूठ सागाची. तिला मासळीला दिली. त्यानंतर मात्र जे आले ते स्वयंपाकघरासाठी नव्हते. मशीन बसवायला आलेल्या परदेशी इंजिनिअरने जाताना टेबलावर विसरलेला लाल घडीचा चाकू, ज्यात कात्रीपासून दात कोरायच्या काडीपर्यंत सगळा संसार होता. सिल्वासाच्या जुन्या बाजारातून आणलेला, मुठीपाशी कडं फिरवलं की पातं अडकून बसणारा लाकडी. आणि जव्हारकडच्या सुकाने दिलेला शिकारी सुरा. सुका कारखान्यात हेल्पर होता, भात कापून झालं की यायचा आणि पेरणीला निघून जायचा. सुरा त्याच्या आज्याचा; सांबराच्या शिंगाची मूठ, पातं दोन बोटं रुंद, पाठीकडे जाड. "रानात आता डुक्कर नाय, याला काम नाय," सुका म्हणाला होता. "घरात नुसता पडून मरेल. तुमी तरी त्याच्याकडं बघाल." दामू बघायचा. जेवण झालं की चाकूंची पेटी उघडून बघायचा. चंद्रकांता म्हणायची, माझी सवत लोखंडाची आहे. "लोखंड नाय," तो गंभीरपणे दुरुस्त करायचा, "पोलाद." मग पोलाद म्हणजे काय, पाणी दिलेलं पोलाद म्हणजे काय, आणि घाईने चक्रीवर घासलं की पातं तापून त्याचं पाणी कसं उतरतं, हे सगळं. "पाणी उतरलं ना कांते, की मग किती बी घास. ती सुरी नाय. पत्रा." ती मान हलवायची आणि मनात दुसऱ्या दिवशीची भाजी ठरवायची. आता तिला वाटायचं, थोडं ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं. भाजी काय, शेवटी दुधीच व्हायची.

दुखणं आलं ते असं चोरपावलांनी, की आलं कधी ते सांगता येईना. आधी तो नळ उघडे ठेवायचा. मग तोच टॉवेल घडी करायचा, उलगडायचा, घडी करायचा. मग घरभर चालायला लागला. स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर, तोंडाने काही नाही, फक्त चालणं, पिंजऱ्यातल्यासारखं. एक दिवस हैराण होऊन तिने त्याच्यापुढे दगड ठेवला आणि एक चाकू खाली ठेवला. तो बसला. डोळ्यांत कुठे काही नव्हतं, पण बोटांनी पात्याची पाठ चाचपली, तिरकेपणा जुळवला आणि दगडावर सर्रकन पहिला हात फिरला. आणि चंद्रकांताला तो दिसला. तिचा, टूलरूमचा, चिंचणीचा, तोच. धार झाली की अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायची, चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर फिरवायची, हातावरचा एक केस अलगद उडवायचा. त्याच्या डाव्या मनगटावर पूर्वीसारखा एक गुळगुळीत चौकोन परत तयार झाला. एवढंच होतं की सगळे चाकू धार लावून झाले. धार लावलेल्या चाकूला परत धार लावायला दिली तर तो नखावर टेकवून बघायचा आणि परत करायचा, "ह्याला काय झालंय? बरा तर हाय." आणि उठून चालायला लागायचा.

तेव्हा तिने ते सुरू केलं. तो दुपारी लवंडला की ती एक चाकू घेऊन मागच्या मोरीत जायची, उंबऱ्याच्या सिमेंटच्या कडेवर पातं उभं धरायची आणि दाबून ओढायची. धार मारून टाकायची. पहिल्यांदा तिच्या अंगावर काटा आला. मासेमारांच्या घरची बाई ती; दसऱ्याला सुरीला हळदकुंकू वाहिलेलं, सुरीवरून पाय गेला तर नमस्कार केलेला, आणि आता दिवसाढवळ्या, चोरासारखं दार लावून, नवऱ्याने जीव ओतून लावलेली धार सिमेंटवर घासून घालवायची. त्या आवाजाने दात शिवशिवायचे. दुसऱ्या दिवशी ती तो बोथट चाकू त्याच्यापुढे ठेवायची. तो नखावर टेकवायचा, आणि त्याच्या तोंडावर असा कळवळा यायचा, जसा तापातल्या पोराच्या कपाळावर हात ठेवल्यावर येतो. "कुणी वापरला हा? माणसं वापरतात आणि बघत नायत." "ते तर झालंच," ती म्हणायची, "माणसं अशीच." असं ती घालवायची आणि तो लावायचा, ती घालवायची आणि तो लावायचा, आणि घरात शांतता असायची. मध्ये एकदा तिने सुकाचा सुरा हातात घेतला तर तो हाताला वेगळा लागला. दोन बोटं होता, आता जेमतेम एक बोट राहिला होता. लाल चाकूचं पातं चतकोर चंद्रासारखं झालं होतं. दोघं मिळून एकेक चाकू खाऊन टाकत होती. एवढं एकमताने त्या दोघांनी आयुष्यात दुसरं काही केलं नव्हतं, असं तिच्या मनात आलं आणि तिला मोरीत, एकटीला, हसू आलं. आणि हसू थांबल्यावर ती बराच वेळ तिथेच बसून राहिली, नळ गळत होता तो ऐकत.

हे असं चाललं असतं. पण गेल्या आठवड्यात ती वाण्याकडे गेली होती आणि दार ओढलं होतं पण कडी बसली नव्हती. दामू सुकाचा सुरा घेऊन खाली गेटपर्यंत गेला. उघडा सुरा, पायात काही नाही, चेहरा प्रसन्न. वॉचमन ओरडला, "अरे चाचा, नीचे रखो! पहले नीचे रखो!" आणि दामू त्याच्याजवळ जात आपुलकीने म्हणाला, "देखो तो. धार देखो." पोरं पळाली, एकीने किंकाळी फोडली, कुणीतरी मोबाइलवर काढलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, खाली एक जण लिहितो, असल्या लोकांना घरात बंद ठेवा, आणि दुसरा त्याला हात जोडलेलं चित्र पाठवतो. ते पालघरला धर्मेशपर्यंत पोचायला किती वेळ लागणार. "आई, बास झालं," तो फोनवर म्हणाला. "रविवारी येतो आणि पेटी घेऊन जातो. तू झोपेत असलीस आणि त्यांना वाटलं की कोण ही बाई घरात, तर? हेमाली पण रात्रभर झोपली नाही." पोराचं चूक नव्हतं, सुनेचंही नव्हतं. पोराचं चूक असतं तर सोपं होतं. तिने फोन ठेवला आणि उत्तर तयार केलं. आठवडाभर ते घासून-पुसून ठेवलं. पेटी नेतोस ना, मग बापाला पण ने. कारण पेटीशिवाय जो माणूस इथे राहील त्याला मी ओळखत नाही. हे शेवटचं वाक्य तिला फार आवडलं होतं. आज रविवार होता, धर्मेश निघाला असेल, आणि सकाळी दामूने चाकू तिच्या हातात दिला होता.

बाजारातून मांदेली आणली होती. ती परातीत घेऊन चंद्रकांता गॅलरीत, त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली. एकेकीचं डोकं काढायला लागली. त्याने एकदा बघितलं आणि सरकून तिला जागा दिली, जशी अनोळखी बाईला एसटीत देतात तशी. सुकाचा सुरा त्याच्या हातात होता. तिला विचारायचं नव्हतं. पण ती विचारायला लागली.

"कुठचे तुमी?"

"तारापूर. इथं कामाला. तुमी?"

"चिंचणी."

त्याचा हात थांबला. चेहरा खुलला. "आमची मंडळी चिंचणीची."

"हो का? काय नाव?"

तो शोधायला लागला. सुरा गुडघ्यावर ठेवून, समोरच्या बिल्डिंगवरच्या उशांकडे बघत तो शोधत राहिला, आणि तिला वाटलं, नको, कशाला विचारलं. "नाव…" तो म्हणाला. मग सोडून दिलं. "तोंडाला तिखट हाय," तो म्हणाला. "मासळीबाजारात गेली की कोळणी भाव आपण होऊन उतरवतात."

"अगंबाई. मग घरात तर रोज भांडण."

"व्हतं की. रोज." तो हसला. "पण तुटत नाय. आमच्यात चाकू हातात देत नाय ना. खाली ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा. तिच्या घरची रीत हाय ती."

चंद्रकांताच्या हातातली मांदेली केव्हाच साफ झाली होती. ती तिला साफच करत राहिली.

"तुमी मानता असलं?"

"मी नाय मानत," दामू म्हणाला आणि सुरा पुन्हा दगडावर टेकवला. "ठेवतो मी खाली. तिला बरं वाटतं."

सर्र… सर्र… मांदेलीचा हातात लगदा झाला होता. तिने तो बाजूला ठेवला. म्हणजे रीत कुठे गेली नव्हती. रीत होती, चिंचणी होती, तिखट तोंड होतं, कुंभवलीची खोली असेल, त्या पोरांचा रेडिओसुद्धा असेल. आतलं घर झाडूनपुसून लख्ख होतं, एक भांडं इकडचं तिकडे झालं नव्हतं. आणि त्या घरात एक बाई होती, सदा तिशीच्या आतली, जिच्यासाठी तो चाकू खाली ठेवत होता. आणि इथे, गॅलरीत, हाताला मासळीचा वास असलेली ही जी ताई बसली होती, तिला त्या घरात जागा नव्हती, कारण जागा भरलेली होती. जन्मभर एका पोलादी सवतीशी भांडली आणि आता म्हातारपणी ही दुसरी, ती पण चिंचणीची. हिच्याशी कुठल्या तोंडाने भांडणार? तोंड तर तिच्याकडेच राहिलं. चंद्रकांताला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. त्याऐवजी एक विचित्र, फुकटचा अभिमान वाटला, की बघा, केवढं मानतो तिला. आणि त्याच्या लगेच मागून एक असला मत्सर आला की तिने परात उचलली आणि आत जाऊन पाण्याखाली धरली.

धर्मेश आला तेव्हा दुपार कलली होती. हातात हेमालीने दिलेली पिशवी. पिशवीत लाकडाचे ठोकळे आणि घासायला पॉलिश पेपर. "हेमालीने शोधून आणलं. बाबांच्या हाताला काम राहील म्हणाली," तो म्हणाला आणि चपला काढता काढता पुढचं, "आई, आधीच सांगतो, भांडू नकोस."

"मी कुठे भांडते."

तो चमकला. त्याने आईकडे नीट बघितलं. "तब्येत बरी आहे ना तुझी?"

"मला काय व्हायचंय. पाणी पी." घासून-पुसून ठेवलेलं उत्तर तिने शोधलं, ते तिथे होतं, पण त्याला धार राहिली नव्हती. पेटीशिवाय जो माणूस राहील त्याला मी ओळखत नाही. बरं, मग? पेटी असून तरी कोण कुणाला ओळखतं. धर्मेश गॅलरीच्या दारात गेला, बापाच्या पाठीकडे बघत उभा राहिला, मग वाकून सतरंजीवरचा लाल चाकू त्याने उचलला. लहानपणी त्याला हात लावायला बंदी होती त्या चाकूला. त्यातल्या कात्रीने त्याने चोरून पतंग कापले होते. त्याने पातं उघडलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हा असा कसा झाला? पातं कुठे गेलं?"

"मी धार घालवते," ती म्हणाली. "ते लावतात. मी परत घालवते."

"म्हणजे?"

"म्हणजे तेच. नाहीतर बसत नाहीत रे ते. चालत राहतात."

धर्मेशने पातं मिटलं. उघडलं, परत मिटलं. तो खुर्चीवर बसला, आणि मोठ्या झालेल्या पोराचे खांदे बसल्यावर बापासारखे पुढे येतात हे तिला पहिल्यांदा दिसलं. गॅलरीत आवाज चालू होता. "मला सांगायचंस तरी," तो म्हणाला. मग नाक ओढून, खिडकीकडे बघत, "मग राहू दे का पेटी? मी खाली सेक्रेटरीला भेटतो. दाराला आतून वरची कडी बसवू. तू सांग. तू म्हणशील तसं."

आता तिने म्हणायचं होतं. काय म्हणायचं ते सकाळपर्यंत तिला माहीत होतं. ती तोंड उघडणार तोच गॅलरीतला आवाज थांबला. एरवी तो थांबला की नख, मग पट्टा, मग हातावरचा केस. त्याचे छोटे छोटे आवाज व्हायचे. तसं काही झालं नाही. दामू आत आला. पेटी त्याने दोन्ही हातांवर आडवी धरली होती, सगळे चाकू ग्रीसच्या कागदात परत जागच्या जागी, झाकणाची कडी लावलेली. त्याने ती धर्मेशपुढे धरली.

"झालं सगळं," तो म्हणाला. "बघून घ्या. शिंगाच्या मुठीचा लय झिजलाय, त्याला आता दगड दाखवू नका. बाकी पाणी चांगलं हाय. नुसतं पुसून ठेवायचं."

धर्मेशने पेटी घेतली. न घेऊन करणार काय. दामू मोरीत गेला. साबण कोपरापर्यंत लावून, नखं नखांवर घासून, कारखान्यातून निघताना धुवायचा तसे त्याने हात धुतले. खुंटीवरचा शर्ट घेतला. बटणं वरखाली झाली, चंद्रकांता पुढे झाली आणि तिने ती लावली, आणि तो लाजून इकडेतिकडे बघत राहिला, परक्या बाईने बटणं लावल्यावर भला माणूस बघतो तसा. मग त्याने आरशात न बघता केसांवरून हात फिरवला आणि चपलांत पाय घातले.

"येतो ताई. आज लय उशीर झाला. घरी वाट बघत असेल."

"बाबा," धर्मेश उठला, पेटी छातीशी, "बाबा, हेच घर आहे आपलं. बसा. कुठे निघालात? आई, दार—"

चंद्रकांताने हात वर केला आणि तो गप्प झाला. तिला वाटत होतं की ती चाकू राखत होती. खरं तर ती त्याचं काम राखत होती. काम संपत नव्हतं तोवर शिफ्ट सुटत नव्हती, आणि म्हणून तो इथे, या परक्या बाईच्या गॅलरीत, तक्रार न करता बसला होता. आता त्याने सोपवून दिलं होतं. आता त्याला घरी जायचं होतं, आणि घरी ती होती, तोंडाने तिखट, दिवेलागणीला उंबऱ्यात येऊन रस्त्याकडे बघत उभी राहायची ती. उशीर झाला तर ती काय काय बोलायची हे चंद्रकांताला माहीत होतं. दारातच बोलायची. आणि बोलून झालं की पाणी द्यायची.

"कुठे, कुंभवलीला का?" तिने विचारलं.

"व्हय. कसं वळखलं?"

"मला पण तिकडंच जायचंय." तिने पदर खोचलेला सोडला, खांद्यावरून नीट घेतला, चपला शोधल्या. "चला. सोबत होईल."

"चला चला. पण पाय उचला जरा. ती रागावते."

जिन्यात त्याने कठडा धरला आणि मग आठवण झाल्यासारखं दुसरा हात तिच्यापुढे केला, सांभाळून, पडाल. तिने धरला. वरच्या दारात धर्मेश पेटी घेऊन उभा होता. तो खाली येईल, गाडी घेऊन मागून येईल, नवापूर रोडवर कुठेतरी गाठेल, येऊ दे. गेटपाशी वॉचमन खुर्चीतून अर्धा उठला आणि दामूचे रिकामे हात बघून परत बसला. रस्त्याला सुटलेल्या शिफ्टची माणसं होती, सायकली होत्या, डबे होते. त्यांच्यात शिरल्यावर दामूची चाल बदलली, लांब झाली. घरी चाललेल्या माणसाची असते तशी.

"तुमच्या घरी हाय का कोण, वाट बघायला?" त्याने विचारलं.

"वाट मीच बघते," चंद्रकांता म्हणाली. "ते कामावरून यायचेत अजून."

दामूने मान हलवली. त्याला ते पटलं. हातात होता तो तिचा हात त्याने समजूत घालावी तसा थोपटला.

"येतील हो," तो म्हणाला. "आता सुट्टी झाली हाय."